सिंगापूर मलेशियातून का बाहेर पडलं: करारात लिहिलेलं आणि राहून गेलेलं

प्रश्न असा आहे. 16 सप्टेंबर 1963 ला मलाया (आजचा द्वीपकल्पावरचा मलेशिया), सिंगापूर, सारावाक आणि उत्तर बोर्निओ (आजचं सबाह) मिळून मलेशिया झाला. 9 ऑगस्ट 1965 ला सिंगापूर त्यातून बाहेर पडलं. हे मलय-चिनी वैरामुळे झालं, की मलायाचे पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान आणि सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू यांचं पटलं नाही म्हणून? आणि वसाहतीतून सुटलेले प्रदेश एकत्र आणताना नेमकं बिघडतं कुठे?

वैर होतं आणि दोघांचे स्वभावही आडवे आले. पण ही दोन्ही कारणं 1963 च्या आधीही होती, 1965 नंतरही राहिली. तेवीस महिन्यांत घर मोडलं ते त्याच्या बांधणीमुळे. ज्या चार-पाच ठिकाणी तडजोड अवघड होती तिथे करार एकतर गप्प बसला किंवा 'पुढे बघू' म्हणाला, आणि तडे नेमके तिथेच गेले. म्हणून नेत्यांच्या भाषणांआधी करार आणि त्याची परिशिष्टं वाचावीत असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात लोकसंख्येपासून करावी लागते. 1957 च्या जनगणनेत मलायाची लोकसंख्या सुमारे 63 लाख होती. मलय निम्म्याला थोडे कमी, चिनी सुमारे 37 टक्के, भारतीय वंशाचे सुमारे 11 टक्के. सिंगापूरची लोकसंख्या 1963 च्या सुमारास 17 लाख, त्यात चिनी तीन चतुर्थांश. हे दोनच प्रदेश जोडले तर चिनी मलयांच्या बरोबरीला येतात, किंचित पुढेच जातात. तुंकू अनेक वर्षं सिंगापूरला नकार देत होते त्याचं मूळ इथे आहे. 1961 च्या एप्रिलमध्ये हाँग लिमची पोटनिवडणूक ली यांचा पक्ष हरला. सिंगापूर डाव्यांच्या हाती गेलं तर दारातच दुसरा क्यूबा उभा राहील, ही भीती क्वालालंपूरमध्ये बळावली. 27 मे 1961 ला तुंकूंनी सिंगापुरात परदेशी वार्ताहरांसमोर विलीनीकरणाचा विषय स्वतःहून काढला. पण त्यांना सिंगापूर एकटं नको होतं, बोर्निओतल्या प्रदेशांसह हवं होतं.

या हिशेबात एक चूक दडलेली होती आणि तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. बोर्निओतले इबान, बिदायुह, कादाझान-दुसुन हे 'स्थानिक' म्हणून मलयांच्या बाजूला मोजले गेले, तरच बेरीज जमत होती. त्यांची भाषा मलय नव्हती, बहुसंख्य मुसलमानही नव्हते, आणि आपल्याला मलयांमध्ये मोजा असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. त्यांचं मत घ्यायला 1962 मध्ये कोबोल्ड आयोग नेमला. त्याच्या पाच सदस्यांपैकी तीन ब्रिटनने दिलेले आणि दोन मलायाने, बोर्निओचा एकही नाही. आयोगाचा अंदाज असा: एक तृतीयांश लोक ठामपणे बाजूने, एक तृतीयांश अटी घालून बाजूने, उरलेल्यांत काहींना आधी स्वातंत्र्य हवं होतं आणि काहींना ब्रिटिश राज्यच चालू राहायला हवं होतं. मधल्या तृतीयांशाच्या अटी पुढे सबाहचे 20 मुद्दे आणि सारावाकचे 18 मुद्दे म्हणून ओळखल्या गेल्या: धर्म, इंग्रजीचा वापर, बाहेरून येणाऱ्यांवर नियंत्रण, करांतला वाटा. ब्रुनेईत डिसेंबर 1962 मध्ये उठाव झाला. तेलाचा महसूल आणि सुलतानाचा मान यांवरून तिथल्या वाटाघाटी अडल्या आणि ब्रुनेई शेवटच्या क्षणी बाहेर राहिलं.

दुसरी गोष्ट म्हणजे मलायात आधीपासून असलेली तडजोड. 1957 ची घटना ज्या रीड आयोगाने तयार केली त्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती बी. मलिक होते, त्यामुळे भारतीय घटनेच्या वाचकाला तिचा बराच भाग ओळखीचा वाटेल. तिच्या पोटात एक देवाणघेवाण होती. चिनी आणि भारतीयांना नागरिकत्व सैल मिळालं. बदल्यात मलय भाषा, सुलतान, इस्लामचं स्थान आणि कलम 153 खाली मलयांना नोकऱ्या, शिष्यवृत्त्या, परवाने यांत राखीव वाटा. हा वाटा 15 वर्षांनी तपासावा ही आयोगाची शिफारस अंतिम घटनेत गळली. ही देवाणघेवाण उम्नो (मलयांचा मुख्य पक्ष), मलायन चायनीज असोसिएशन आणि मलायन इंडियन काँग्रेस या तीन पक्षांच्या आघाडीत, वरच्या नेत्यांत ठरली होती. सिंगापूर त्या बैठकीत नव्हतं. 1963 ला मात्र ते त्याच घरात राहायला आलं.

आता जागांचं गणित. हे कागदावर मांडूनच बघा, कारण सगळ्या संघर्षाचा सांगाडा यात दिसतो. नव्या लोकसभेत 159 जागा होत्या: मलाया 104, सारावाक 24, सबाह 16, सिंगापूर 15. लोकसंख्येप्रमाणे सिंगापूरला 25-27 जागा मिळायला हव्या होत्या. त्या त्याने सोडल्या आणि बदल्यात शिक्षण व कामगार हे दोन विषय स्वतःकडे ठेवले. सबाह-सारावाकला मात्र लोकसंख्येच्या मानाने दुपटीच्या आसपास जागा मिळाल्या. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश म्हणजे 106 मतं लागत. मलायाच्या 104 जागा एकट्याने पुरत नव्हत्या. नव्याने आलेल्या तिघांच्या मिळून 55, म्हणजे एक तृतीयांशाहून थोड्या जास्त. हे कुलूप जाणूनबुजून बसवलेलं होतं. फक्त त्याची किल्ली तिघांत वाटलेली होती, आणि एक जण गेला की कुलूप उघडं पडणार होतं.

नागरिकत्वात त्याहून नाजूक गाठ होती. सिंगापूरचा नागरिक मलेशियाचा नागरिक झाला, पण मतदान फक्त सिंगापुरात करू शकत होता. जोहोरच्या खाडीपलीकडे जाऊन राहिला तरी तिथे मतदार होत नव्हता. सिंगापूरची चिनी मतं मलायाच्या निवडणुकीत उतरू नयेत, हा हेतू. 1 सप्टेंबर 1962 च्या सार्वमतात तीन पर्याय होते आणि तिन्ही विलीनीकरणाचेच. 'नको' असा रकानाच नव्हता. विरोधी बारिसान सोशालिसने कोरी मतपत्रिका टाकायला सांगितलं. सरकारच्या पर्यायाला 71 टक्के मिळाले, पण 25 टक्के पत्रिका कोऱ्या निघाल्या. पाच महिन्यांनी, 2 फेब्रुवारी 1963 ला, शंभरहून जास्त डाव्या नेत्या-कार्यकर्त्यांना विनाखटला अटक झाली. संघराज्य जन्मायच्या आधीच त्याचा सर्वांत संघटित विरोधक तुरुंगात होता. त्यामुळे पुढचा सामना दोन सरकारी पक्षांतच झाला.

करारात नसलेली सर्वांत महागडी ओळ पक्षांविषयीची होती. कोणता पक्ष कुठे निवडणूक लढवणार? उम्नो सिंगापुरात ढवळाढवळ करणार नाही आणि ली यांची पीपल्स ॲक्शन पार्टी (पीएपी) मलायात येणार नाही, असा तोंडी समज असल्याचं दोन्हीकडून नंतर सांगितलं गेलं आणि तो मोडल्याचा आरोपही दोन्हीकडून झाला. लेखी काहीच नव्हतं. 21 सप्टेंबर 1963 ला, म्हणजे मलेशिया झाल्यावर पाचव्या दिवशी, सिंगापुरात निवडणूक झाली. पीएपीला 51 पैकी 37 जागा. उम्नोच्या छत्राखालचे उमेदवार गेलांग सेराई, कांपोंग केंबांगान आणि सदर्न आयलंड्स या मलयबहुल मतदारसंघांतही पडले. मलय मतदार मलय पक्षाला सोडून जाऊ शकतो, हे उम्नोला पहिल्यांदाच दिसलं, आणि ते त्यांना फार लागलं. एप्रिल 1964 मध्ये पीएपीने मलायात मोजके उमेदवार उभे केले. आम्ही उम्नोविरुद्ध नाही, चायनीज असोसिएशनची जागा घेऊ इच्छितो, असा त्यांचा दावा होता. एकच जागा मिळाली, बांग्सारची, देवन नायर यांची. आघाडीला 104 पैकी 89. निकाल किरकोळ होता, पण परिणाम मोठा: तान स्यू सिन हे एकाच वेळी चायनीज असोसिएशनचे अध्यक्ष आणि संघराज्याचे अर्थमंत्री होते. ज्या पक्षावर पीएपीने हल्ला चढवला त्याच्याच अध्यक्षाच्या हाती सिंगापूरच्या तिजोरीच्या दोऱ्या होत्या.

पैशाचा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून वगळला जातो, आणि तीच मोठी चूक होते. सिंगापूर हे खुलं बंदर, आयात जकात जवळपास नाही. मलायात जकात हा महसुलाचा मोठा आधार. सिंगापूरला कारखान्यांसाठी मलायाची बाजारपेठ हवी होती, कारण एकट्या 17 लाख लोकांवर कारखानदारी उभी राहत नव्हती. करारात ठरलं ते असं: सिंगापुरात गोळा होणाऱ्या राष्ट्रीय करांपैकी 40 टक्के केंद्राला, 60 टक्के सिंगापूरला. सबाह-सारावाकच्या विकासासाठी सिंगापूर 15 कोटी मलायन डॉलरचं कर्ज देणार, त्यातले 10 कोटी पहिली पाच वर्षं बिनव्याजी. आणि सामाईक बाजारपेठ बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने होणार.

आता क्रम नीट पाहा. 40 टक्के पहिल्या दिवसापासून देय, बाजारपेठ बारा वर्षांच्या हप्त्यांत. एका बाजूची देणी ताबडतोबीची आणि येणी लांबणीवरची असली की दुसरी बाजू वेळ काढू शकते, आणि क्वालालंपूरने वेळ काढला. संरक्षित मालाच्या याद्या पुढे सरकेनात. नव्या उद्योगांना करसवलत देणारी 'पायोनियर' प्रमाणपत्रं द्यायचा अधिकार केंद्राकडे होता, तिथे सिंगापूरचे अर्ज रखडले. इंडोनेशियाच्या 'कोन्फ्रोंतासी'मुळे, म्हणजे मलेशियाविरुद्धच्या सशस्त्र संघर्षामुळे, सिंगापूरचा तिकडचा व्यापार बसला आणि संरक्षणखर्च वाढला. 1964 च्या शेवटी तान यांनी उलाढालीवर आणि पगारपटावर कर आणला. माणसं कामाला लावणाऱ्या व्यापारी शहरावर त्याचा बोजा जास्त पडत होता. पाठोपाठ केंद्राचा वाटा 40 वरून 60 टक्क्यांवर न्यायची मागणी आली. सिंगापूरचे अर्थमंत्री गोह केंग स्वी हे विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते होते, ते याच काळात बदलले. जुलै 1965 मध्ये मलेशियाचे उपपंतप्रधान अब्दुल रझाक आणि गृहमंत्री डॉ. इस्माइल यांच्याशी फारकतीची बोलणी त्यांनीच केली, हे लक्षात घेतलं तर पैशाचं वजन कळतं.

दंग्यांकडे येतो. 21 जुलै 1964, पैगंबर जयंती. पाडांग मैदानावरून गेलांगकडे निघालेल्या मिरवणुकीत मारामारी सुरू झाली आणि शहरभर पसरली. 23 मृत्यू, 454 जखमी. सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा, 13 मृत्यू. त्याआधीचे काही आठवडे उम्नोचे सरचिटणीस सय्यद जाफर अल्बार आणि जावी लिपीतलं 'उतुसान मलायू' हे दैनिक सिंगापूरच्या मलयांवर अन्याय होतो असं सतत सांगत होते. तक्रारीला एक खरा गाभा होता, तो नाकारून चालणार नाही. मलायातल्या मलयाला कलम 153 मुळे नोकरीत आणि परवान्यांत राखीव वाटा होता. सिंगापूरच्या मलयाला तो लागू नव्हता. त्याला मोफत शिक्षण मिळत होतं, कोटा नव्हता. एकाच देशात, एका पुलाच्या दोन टोकांना, एकाच समाजाचे दोन वेगळे हक्क. मलेशिया झाल्यावर आपल्यालाही तेच मिळेल असं या लोकांना वाटलं होतं आणि तसं होणार नाही हे त्यांना कुणी नीट समजावलं नव्हतं. ही पोकळी भडकावणाऱ्यांना आयती मिळाली.

शिवाय त्या रात्री पोलीस कोणाचे होते? 16 सप्टेंबर 1963 पासून पोलीस आणि अंतर्गत सुरक्षा केंद्राकडे होती. ली सिंगापूरचे पंतप्रधान होते, आकाशवाणीवरून शांततेचं आवाहन करू शकत होते, पण पोलिसांना हुकूम देऊ शकत नव्हते. दंगल पेटते त्या गावाचं सरकार एक आणि लाठी दुसऱ्याच्या हाती, शिवाय दोघे राजकीय प्रतिस्पर्धी. अशा रचनेत दोन्ही बाजूंना एकमेकांवर कटाचा आरोप करणं सोपं जातं, आणि तसंच झालं.

इथून पुढे घसरण वेगाने झाली. मे 1965 मध्ये पीएपीने मलाया आणि सारावाकच्या चार विरोधी पक्षांना घेऊन 'मलेशियन मलेशिया'ची आघाडी उभी केली. घोषणा समान नागरिकत्वाची होती, आणि तत्त्व म्हणून मला ती पटते. पण 1957 ची देवाणघेवाण ज्यांनी केली त्यांना ती मिळालेलं परत मागण्यासारखी ऐकू आली. 27 मे ला ली लोकसभेत अस्खलित मलयमध्ये बोलले: राखीव परवान्यांनी खेड्यातल्या गरीब मलयाचं काय भलं होणार? मागच्या बाकांवरचे मलय खासदारही लक्ष देऊन ऐकत होते. उम्नोच्या नेत्यांना त्या भाषणाची जास्त धास्ती वाटली ती म्हणूनच. जूनमध्ये लंडनच्या इस्पितळात नागिणीने आजारी असताना तुंकूंनी मन पक्कं केलं. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या, ली यांना अटक करणं किंवा सिंगापूर सोडणं. अल्बार यांचा गट पहिल्या वाटेचा होता. तुंकूंनी दुसरी निवडली, आणि रक्तपात टळला याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

फारकत कायद्याने कशी झाली तेही बारकाईने बघण्यासारखं आहे. मसुदा सिंगापूरचे कायदामंत्री ई. डब्ल्यू. बार्कर यांनी केला. 7 ऑगस्टला सह्या. 9 ऑगस्टच्या सकाळी लोकसभेत 126 विरुद्ध 0 मतांनी घटनादुरुस्ती मंजूर. ब्रिटिशांना वेळेत सुगावा लागू दिला नाही. सबाह आणि सारावाकला विचारलंच नाही. राज्यांना न विचारण्याची ही दुसरी वेळ होती. सप्टेंबर 1963 मध्ये केलांतान राज्याने, आम्हाला न विचारता संघराज्याचं रूप कसं बदलता, म्हणून दावा लावला होता. मुख्य न्यायमूर्ती थॉमसन यांनी 14 सप्टेंबरला, मलेशिया दिनाच्या दोन दिवस आधी, तो फेटाळला: घटनेत तशी अट नाही, संसदेला अधिकार आहे. तेच सूत्र दोन वर्षांनी उलट्या दिशेने वापरलं गेलं.

आता कुलपाच्या किल्लीकडे परत या. सिंगापूर गेल्यावर जागा उरल्या 144. दोन तृतीयांश म्हणजे 96. मलायाच्या 104. म्हणजे 9 ऑगस्टच्या दुपारपासून बोर्निओच्या दोन राज्यांचा नकाराधिकार संपला, आणि ज्या मतदानाने तो संपला त्याला त्यांच्या खासदारांचाही विरोध नोंदला गेला नाही. सबाहचे डोनाल्ड स्टीफन्स यांनी आता अटी पुन्हा तपासा असं म्हटल्यावर त्यांना केंद्रातलं मंत्रिपद सोडावं लागलं. सारावाकचे मुख्यमंत्री स्टीफन कालोंग निंगकान यांना 1966 मध्ये हटवण्यासाठी आणीबाणी लावून राज्याची घटनाच बदलली. आज 222 जागांपैकी द्वीपकल्पात 165 आहेत आणि दुरुस्तीला 148 लागतात. सबाह-सारावाकचे लोक अजूनही एक तृतीयांश जागा मागतात, ती मागणी याच हिशेबातून येते.

हे मलेशियापुरतं नाही. वेस्ट इंडीज संघराज्यात (1958-62) जमैकाकडे निम्म्याहून जास्त लोकसंख्या होती आणि 45 पैकी 17 जागा. सप्टेंबर 1961 च्या सार्वमतात जमैका बाहेर पडला आणि ते संघराज्य विसर्जित झालं. म्हणून कुठल्याही नव्या संघराज्याचा करार हातात आला की मी तो या क्रमाने वाचायला सांगतो: घटनादुरुस्तीला किती मतं आणि ती एका गटाकडे आहेत का, कर कोण गोळा करतो, कोण ठरवतो आणि वाटा कधी बदलू शकतो, पोलीस कोणाचे, एका राज्याचा नागरिक दुसऱ्यात मत देऊ शकतो का, कोणती आश्वासनं 'टप्प्याटप्प्याने' या शब्दांत आहेत, आणि बाहेर पडायची वाट लिहिली आहे का. भाषा, धर्म, झेंडा ही कलमं शेवटी वाचली तरी चालतात. त्यांच्यावर भांडण दिसतं, पण बहुतेकदा ते वरच्या सहापैकी कशावर तरी अडलेलं असतं.

लिहिलेलं टिकतं याचा एक पुरावा याच प्रकरणात आहे. जोहोरहून सिंगापूरला पाणी देण्याचे 1961 आणि 1962 चे करार. फारकतीच्या करारात मलेशिया सरकारने त्यांची हमी घेतली. दरावरून कित्येक वर्षं कडाक्याची भांडणं झाली, पण पाणी वाहतं आहे आणि दुसऱ्या कराराची मुदत 2061 पर्यंत आहे.

मात्र नुसतं लिहूनही भागत नाही. सबाहमधून मिळणाऱ्या केंद्रीय महसुलात 1963 नंतर जी वाढ होईल तिचे 40 टक्के सबाहला परत द्यावेत, अशी तरतूद घटनेत आहे. 1969 मध्ये आढावा घेऊन पुढच्या पाच वर्षांसाठी ठोक रकमा ठरवल्या, शेवटची 2.67 कोटी रिंगिट. पुढचा आढावा मुदतीत झालाच नाही. आढावा न घेतल्यास काय करायचं, कोणी करायचं, हे तरतुदीत नव्हतं, म्हणून 2021 पर्यंत सबाहला दर वर्षी तेवढेच 2.67 कोटी मिळत राहिले. 2025 मध्ये कोटा किनाबालूच्या उच्च न्यायालयाने 1974 ते 2021 या काळातल्या हिश्शाचा आढावा घ्यायचा आदेश केंद्राला दिला.